घरचं तेल

“तांडेल, डावं इंजिन का पडलं?”

कॅप्टन हेमांगी राजाध्यक्षांचा आवाज वरून आला, तेव्हा मी इंजिनरूममध्ये आडवा पडून फिल्टर बदलत होतो. दोन तासांतला तिसरा. भर दुपार, खाली भट्टी पेटलेली, अंगावर एक चड्डी सोडली तर काही नाही.

“पडलं नाही, मीच बंद केलंय! फिल्टर चोंदलाय. दहा मिनिटं द्या.”

“सकाळपासून दहाच मिनिटं मागतोयस.”

“मग या खाली आणि तुम्ही बदला!”

कॅप्टनशी मी असाच बोलायचो आणि ती ऐकून घ्यायची. सदुसष्ट दिवस तिची बोट मी कुठे अडू दिली नव्हती. अटलांटिकमध्ये पाण्याखालचा पंखा वाकला तेव्हा नाही, पनामाच्या आधी थंड पाण्याचा पंप फुटला तेव्हाही नाही. आमची बोट ‘प्रदक्षिणा’. चोवीस मीटर लांब, दोन इंजिनं, आणि पृथ्वीला पूर्ण फेरी मारायची ती फक्त झाडाझुडपांच्या तेलावर. पंपावरच्या डिझेलचा एक लिटर टाकीत गेला की विक्रम बाद. आम्ही चौघं होतो. बाकीचे दोघे गोव्याचे, फार चांगले लोक, पण या गोष्टीत त्यांचं फारसं काम नाही.

त्या दुपारी आमचं बंदर नऊ तासांवर होतं. जुना विक्रम मोडायला हातात होते चव्वेचाळीस तास. नऊ आणि चव्वेचाळीस! रांगत गेलो असतो तरी पोचलो असतो.

आणि नेमकं याच टप्प्याचं तेल आमच्या गावचं होतं. ही अक्कल माझी. आमच्या माडबंदरला किनाऱ्याने उंडीची झाडं आहेत. पूर्वी त्या बियांचं तेल दिव्याला जळायचं आणि होड्यांना फासलं जायचं. आनंदीकाकी मोंडकर या बाईने एकतीस बायका जमवून त्याचा घाणा घातला. मी कॅप्टनला म्हटलं, शेवटचा टप्पा आमच्या तेलावर करू, घरच्या तेलाने घरी येऊ. तिला ते आवडलं. पैसा लावणाऱ्या कंपनीला तर फारच आवडलं. त्यांनी घाण्याशेजारी तेल शुद्ध करायचं यंत्र बसवून दिलं आणि शब्द दिला की बोट विक्रम करून या तेलावर बंदरात लागली, की दहा वर्षं गावचं सगळं तेल आम्ही उचलू. एकतीस घरं त्या शब्दावर डोळे लावून बसली होती. चाळीस पिंपं भरून महिनाभर आधी जहाजाने ओमानला सलालाह बंदरात पाठवली होती. तिथे ती आमच्या टाक्यांत भरली आणि आम्ही घराकडे निघालो. गावाने देव पाण्यात घातले होते.

फिल्टरच्या खाली एक काचेची वाटी असते. तेलातला जड कचरा आधी तिथे बसतो. ती मी काढली आणि उजेडात धरली. निम्म्या वाटीत पाणी. पाण्यावर काळसर, बुळबुळीत शेवाळ, बोटाला चिकटणारं. तेलात पाणी राहिलं, उन्हात पडून राहिलं, की त्या दोघांच्या मध्ये हा प्रकार वाढतो, आणि बोट हलायला लागली की सगळं ढवळून वर येतं. इथवर मला नवल वाटलं नाही. असलं तेल मी आधीही पाहिलं होतं.

पण वाटीच्या तळाला तांदूळ होते. चारपाच दाणे. तेलात राहूनही पिवळे, एकाला कुंकू लागलेलं.

मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

हे कुणाचं काम ते समजायला मला कुणी सांगावं लागलं नाही. आमच्या घराची रीत आहे. तांडेलांच्या घरातली होडी लांबच्या पाण्यात जाणार असली, की आमच्या खाडीतलं लोटीभर पाणी आणि चार अक्षता तिच्या तळात सोडायच्या. घरचं पाणी सोबत असलं की होडी घराकडे परत वळते. माझ्या बापाने, आबाने, आयुष्यभर प्रत्येक होडीला ते केलं. आता झिलाची, म्हणजे लेकाची, बोट जगाच्या पाठीवर कुठे होती ते त्याला दिसत नव्हतं. पण त्या बोटीत जाणारी पिंपं दारात उभी होती. दोनच पिंपं कोरी सोडली असती तरी चाललं असतं. पण आबाचं काम म्हणजे पंक्तिप्रपंच नाही! चाळीसच्या चाळीस पिंपांत एकेक लोटी घातली त्याने.

मी तिथे खाली बसून हसलो, खरंच सांगतो. मग तांदूळ मुठीत घेऊन वर गेलो आणि मागच्या बाजूने समुद्रात टाकले.

“काय आहे?” कॅप्टन जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

“पाणी.”

“कुठलं पाणी?”

“तेलातलं. शेवटी तापवून ओलावा काढतात, तो नीट काढला नाही बायकांनी.”

हे वाक्य कसं तोंडातून गेलं ते मला कळलं नाही. पण गेलं, आणि मग पुढे ते पुसता आलं नाही.

“सलालाहला भरताना तपासलं होतंस ना?”

“तपासलं होतं. विरघळलेला ओलावा बरणीत दिसत नाही.”

तपासलं नव्हतं. पंधरा बंदरांत मी प्रत्येक पिंपाच्या तळाचा नमुना काचेच्या बरणीत काढून अर्धा तास उभा ठेवला होता. सिंगापुरात एका व्यापाऱ्याशी मारामारीची वेळ आली, तरी बरणी सोडली नाही. सलालाहला बरणी पेटीतच राहिली. टाकीच्या तोंडाला लावायची गाळणी, तीही लावली नाही, कारण तेल सावकाश उतरतं. गोव्याच्या एकाने विचारलंसुद्धा, “मेस्त्री, बरणी?” मी त्याच्या अंगावर गेलो. म्हटलं, आईच्या हातचं जेवण कुणी हुंगून बघतं का रे? गाळणी असती तर पहिल्याच पिंपाला अक्षता जाळीवर दिसल्या असत्या.

पुढचं लवकर सांगतो. फिल्टर संपले. मग माझे सदरे फाडून चार पदरी करून लावले. मग चादरी. संध्याकाळी उजवं इंजिन कायमचं गेलं. खारं पाणी आतल्या, तेल फवारणाऱ्या सुयांपर्यंत पोचलं होतं, त्यावर इलाज नसतो. डावं मी वेळेत बंद केलं म्हणून वाचलं, पण त्याला स्वच्छ तेल हवं होतं आणि आमच्याकडे ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणकडचा एक ट्रॉलर जवळ आला. वरचा माणूस हात करून ओरडला, “डिझेल होया काय? दोन पिंपा देतंय!”

कॅप्टनने मान हलवली. नको.

“गो बाय, डिझेल घेऊन चल घराक! खुळी काय?”

“नको, दादा. पण थांबता का थोडं?”

तो थांबला. भला माणूस, आजूबाजूलाच मासे मारत राहिला. आणि आम्ही एका न चालणाऱ्या बोटीत बसून घड्याळाकडे बघत राहिलो. पुरा एक दिवस. फोनवरून वेगळं तेल मागवायचा प्रयत्न झाला, पण तसलं तेल वेळेत आणून देणारं जवळपास कोणी नव्हतं. मी दर तासाला डावं इंजिन चालू करून बघत होतो, काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून. वेळ संपली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. हेमांगी राजाध्यक्ष उठल्या, तोंड धुतलं, आणि मला म्हणाल्या, “घे डिझेल.” सहा वर्षं ती बाई या एका गोष्टीमागे लागली होती. मला एक शब्दही वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

माडबंदरला धक्क्यावर अख्खा गाव उभा होता. वाजंत्री आणली होती, ती वाजली नाही. आबाने पुढे होऊन माझ्या तोंडावरून हात फिरवला.

“इलंस मा रे जित्तो?” तो म्हणाला. “बस झाला.” मी जिवंत आलो, एवढंच त्याला हवं होतं.

दोन दिवसांनी घाण्याच्या शेडमध्ये बैठक झाली. कंपनीचे प्रधान मुंबईहून आले होते. कॅप्टन होत्या. समोर सतरंजीवर एकतीस बायका. आबाला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो दाराशी स्टूल टाकून बसला होता. प्रधानांनी माझा अहवाल वाचून दाखवला. तो मी आदल्या दिवशी सही करून दिला होता. तेल तापवायच्या शेवटच्या टप्प्यात त्यातला ओलावा पूर्ण निघाला नसावा, असं त्यात होतं. ‘नसावा’ हा शब्द मी मुद्दाम घातला होता. फार सभ्य शब्द आहे तो.

“आमी तीन तीन येळा तापवलंव!” मागून एक बाई ओरडली. “खोटा सांगतास तुमी!”

आनंदीकाकी उठली. साठीची बाई, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तिने प्रधानांकडे बघितलंच नाही.

“उम्या, एकच इचारतंय,” ती मला म्हणाली. “पाणी खारां होतां की गोडां?”

प्रधानांना प्रश्न कळला नव्हता, त्यांनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनना कळला होता. त्यांचे डोळे माझ्यावर आले. बियांतला ओलावा गोडा असतो. पाणी खारं असेल तर ते बाहेरून घातलेलं, घाण्यातलं नव्हे. बाहेरून घातलेलं पाणी पिंपाच्या तळाला बसतं आणि बरणीत पहिल्या पाच मिनिटांत दिसतं.

दाराशी आबा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो तंबाखू मळत होता.

“गोडां,” मी म्हटलं.

“आयकलंस?” आबा ताडकन उठला. “आयकलंस, आनंदे? तुमच्या त्येलातलां पाणी! बायकांच्या हातात व्हडीचा काम दिल्यार हीच गत होतली. माझ्या झिलाचो जीव घेतलो असतास तुमी!”

“आबा, बसा,” मी म्हटलं.

“कित्या बसू?”

आनंदीकाकीने माझ्याकडे बघितलं, मग चष्मा काढून पदराने पुसला आणि खाली बसली. प्रधानांनी कागद आवरले. करार होणार नव्हता. यंत्र कंपनीचं होतं, ते पुढच्या महिन्यात घेऊन जातील, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, तशातली गत. बायका एकेक करून उठल्या. कुणी रडलं नाही, शिव्या मात्र दिल्या, आणि त्या सगळ्या मी ऐकल्या.

मी मागच्या दाराने बाहेर पडलो, तर काकी तिथे उभी.

“चाळीस पिंपांची झाकणां मी उघडलंय, उम्या,” ती हळू आवाजात म्हणाली. “हळदकुंकवाचां ताट माझ्याच हातात होतां. तुझो बापूस म्हणालो, घरचां पाणी गेलां की व्हडी घराक येता. म्हटलां, एवढ्या पिंपात एक लोटी, काय व्हतलां?”

“मग बोललंस कित्या नाय, काकी? थंय सगळ्यांसमोर?”

“तुझ्या तोंडाकडे बघी होतंय. म्हटलां, झील आसा, मेस्त्री आसा, तो सांगतलो. तू खारां म्हटलं असतंस, तर मी फुडे जावन सांगलंय असतंय, झाकणां मी उघडलंय म्हणान. तुझ्या बापाशीक एकट्याक उभो केलो नसतो.”

“आबाचां नाव माका घेववलां नाय, काकी. म्हातारो मेलो असतो लाजेन.”

“तो?” ती म्हणाली. “तो लाजेन मरतलो?”

आणि ती घाण्याकडे निघून गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं मी स्वतःशी म्हटलं. बापासाठी खोटं बोललो. बापासाठी माणूस काय नाही करत! त्या रात्री मी चांगला जेवलो, आणि मला झोपही लागली.

महिना झाला नसेल. मी बंदरावर गेलो होतो, तर जाळी विणणाऱ्यांच्या मध्ये आबा बसलेला, आवाज चढवून सांगत होता.

“चाळीस पिंपा! एकेकात लोटी भरून घातलंय! त्येल वायट होतां, इंजिन गेलां, तरी व्हडी परत इली की नाय? माझ्या पाण्यान आणली!”

“आबानु, कमाल केलात!” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. आबाही हसला.

मी तिथेच उभा राहिलो. लाज? हा माणूस वाजतगाजत सांगत होता. त्या दिवशी शेडमध्ये मी “खारां” म्हटलं असतं, तर त्याने छाती पुढे काढून सांगितलं असतं, होय, मीच घातलंय, त्यात काय? चार लोक हसले असते, कॅप्टनने कपाळाला हात लावला असता, आणि एकतीस बायकांचं तेल चोख ठरलं असतं. त्याचं काहीच गेलं नसतं. फक्त कॅप्टनने मला एक प्रश्न विचारला असता. तांडेल, तू बरणी लावली होतीस ना?

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. आनंदीकाकीने कंपनीला पत्र घातलं की पाणी ज्याने घातलं तो माणूस स्वतः सांगतोय, येऊन त्याला विचारा. कंपनीचं उत्तर आलं, ते घेऊन ती आमच्या घरी आली. मी बॅग भरत होतो. हेमांगी राजाध्यक्षांनी माझ्यासाठी शिफारस केली होती, फाटक्या सदऱ्यांवर इंजिन चालवणारा माणूस म्हणून, आणि एका मोठ्या जहाजावर मला चीफ इंजिनिअरची जागा मिळाली होती.

काकीने कागद पुढे केला. मी वाचला. आपण सांगता ती चालीरीत रंजक आहे, परंतु पाणी गोडे असल्याचे आमच्या मुख्य इंजिनिअरने सर्वांसमक्ष सांगितले असल्याने, त्यांच्याकडून लेखी दुरुस्ती आल्याशिवाय पुनर्विचार शक्य नाही.

“यंत्र अजून हंयच आसा,” काकी म्हणाली. “गाडी सोमवारी येतली. तू दोन वळी लिवन दी. बरणीचा नको लिव, तुका तरास व्हतलो तर. खारां होतां, एवढाच लिव.”

म्हणजे बरणीचंही तिला ठाऊक होतं. गोव्याच्या पोराने सांगितलं असेल, किंवा तिचं तिनेच ओळखलं असेल. मी विचारलं नाही.

“लिवतंय, काकी,” मी म्हटलं. “आज जरा गडबडीत आसंय. मुंबयेक पोचलंय काय धाडतंय.”

“सोमवारच्या आधी?”

“सोमवारच्या आधी.”

मान हलवून ती निघाली. अंगणात जाऊन परत वळली. मला वाटलं, आता बोलेल. पण तिने फक्त विचारलं, “कागद आसा मा रे तुझ्याकडे? नायतर नातीच्या वहीतलो आणून देतंय.”

“आसा,” मी म्हटलं.

रविवारी मी जहाजावर चढलो, तेव्हा कागद बॅगेत कोराच होता.